जतन

गेल्या पावसाळ्यात सलग अकरा आठवडे माझी सकाळ एकाच पद्धतीनं सुरू झाली. चहाचा कप टेबलावर ठेवायचा, लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड द्यायचा आणि आदल्या दिवशी केलेली तीन कामं पुन्हा करायची. पहिलं, कीबोर्डच्या यादीत बंगाली घालायची. दुसरं, पडद्यावरची अक्षरं मोठी करायची. तिसरं, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाण्यासाठी मी जे बटण ठरवलं होतं, ते यंत्राला परत सांगायचं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. मग दिवसभर काही तक्रार नसे. सांगितलेलं सगळं यंत्र निमूट ऐके. रात्री बंद करून सकाळी उघडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यात तत्त्वनिष्ठेपेक्षा काटकसरीचा भाग मोठा. काही वर्षांपूर्वी जुना लॅपटॉप इतका मंदावला होता की एक फाईल उघडेपर्यंत चहा निवून जाई. पुण्याहून आलेल्या भाच्यानं एका दुपारी त्यावर लिनक्स चढवलं आणि वर एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप बसवला. डेस्कटॉप म्हणजे आपल्याला दिसतो तो सगळा दर्शनी भाग: खिडक्या, पट्ट्या, चिन्हं, अक्षरांचा आकार. एक्सएफसीई त्यातल्या हलक्या मंडळींपैकी, कमी ताकदीच्या यंत्रावरही चालणारं. आम्हा दोघांचं, म्हणजे यंत्राचं आणि माझं, त्यावर बरं चाललं. यंदाच्या उन्हाळ्यात मी एक वापरलेला पण धडधाकट लॅपटॉप घेतला. भाच्यानं त्यावरही तेच सगळं चढवून दिलं आणि म्हणाला, "मावशी, तुझं सामान तेवढं तू हलव."

सामान हा शब्द त्यानं सहज वापरला असेल, पण तो नेमका होता. लिनक्सवर प्रत्येक माणसाच्या फायलींच्या जागेचं नावच 'होम' असतं. त्या घरात आपली लिखाणं, फोटो, हिशेब दिसतात, आणि न दिसणारंही पुष्कळ असतं. ज्या फायलीचं किंवा फोल्डरचं नाव टिंबानं सुरू होतं, ते सहसा यादीत दाखवत नाहीत. ही रीत युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांपासून आलेली. प्रत्येक फोल्डरमध्ये 'हेच ठिकाण' आणि 'एक पायरी वरचं ठिकाण' अशा अर्थाच्या दोन नोंदी असतात. एकीचं नाव नुसतं एक टिंब, दुसरीचं दोन टिंबं. त्या यादीत मध्ये मध्ये येऊ नयेत म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते गाळायचं. ही हकिकत बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी सांगितली आहे. त्या झटपट उपायातून लपलेल्या फायलींची प्रथाच पडली. आज माणसाच्या आवडीनिवडी, म्हणजे अक्षर केवढं, बटण कोणतं, भाषा कुठल्या, हे बहुतेक सगळं 'टिंब-कॉन्फिग' नावाच्या अशाच एका न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये राहतं. घराच्या माळ्यासारखं. मी माळ्यासकट घर हलवलं होतं, आणि एकटीनं हलवलं याची मला जरा ऐटही होती.

त्याच सुमाराला माझ्या हातात एक बंगाली कादंबरी होती. लेखिका पंचाहत्तरीच्या, कोलकात्यात राहणाऱ्या. मी त्यांना दिदी म्हणते. दिदींना देवनागरी वाचता येते. शाळेत संस्कृत होतं, पुढे हिंदी कानावर पडत राहिली. मी पाठवलेली प्रकरणं त्या मोठ्या अक्षरांत छापून घेत आणि पेन्सिल घेऊन बसत. दर रविवारी सकाळी आमचा फोन. मराठी त्यांना येत नाही, पण निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, आणि घोटाळे त्या निम्म्यातच होतात. पहिल्या प्रकरणात गावातले मास्तर एका मुलाला छडीनं मारतात. मी लिहिलं होतं, मास्तरांनी त्याला शिक्षा केली. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दिदींनी विचारलं, "छडीचं काय झालं? तू तर लिहिलंयस, त्याला शिकवलं." मी खुलासा केल्यावर पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. आमच्या शाळेत दोन्ही एकच होतं." दुसऱ्या एका रविवारी त्या म्हणाल्या की, तुझं भाषांतर वाचायची मी खूप 'चेष्टा' करते आहे. त्यांच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. माझ्या आईनं ते वाक्य ऐकलं असतं तर तिनं फोन काढूनच घेतला असता.

हे शब्द नुसते सारखे दिसतात असं नाही. मी इनस्क्रिप्ट पद्धतीनं टाइप करते. 1991 च्या भारतीय मानकात आलेली ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि भारतीय लिप्यांमध्ये एका ध्वनीची जागा एकच. मराठी 'क' ज्या बोटाखाली, त्याच बोटाखाली बंगाली 'क'. लिपी बदलली तरी बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. म्हणून तर मी बंगालीतली टिपणंही याच यंत्रावर करू शकते. उदाहरणार्थ, शिफ्ट दाबून डी, शिफ्ट दाबून वाय, मग एफ, सी, ई, व्ही. यादीत मराठी निवडलेली असेल तर पडद्यावर 'अभिमान' उमटतो. बंगाली निवडलेली असेल तरीही 'अभिमान'च उमटतो, फक्त बंगाली लिपीत, आणि बंगाली माणूस तो 'ओभिमान' असा वाचतो. सहा बटणं तीच, बोटं तीच. शब्द मात्र दोन वेगळ्या घरांतले.

मराठीत अभिमान म्हणजे काय ते सांगायला नको. मुलीचा अभिमान, भाषेचा अभिमान, छाती पुढे काढून मिरवायची गोष्ट. बंगालीतला ओभिमान छाती पुढे काढत नाही. आपल्या माणसाकडून आपलेपणाचीच अपेक्षा होती आणि ती त्याला कळलीच नाही, याचं जे दुखणं, तो ओभिमान. तो परक्यावर होत नाही. त्यात राग थोडा, मान थोडा, आणि समोरच्यानं न सांगता ओळखावं हा हट्ट बराच. वैष्णव पदावलीतल्या राधेचा 'मान' त्याच्या मागे कुठेतरी उभा आहे. बंगालीत हा शब्द उठता-बसता येतो. मराठीत त्याला एक असा शब्द नाही. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरच्चंद्र वाचत मोठ्या झालेल्या घरात मी वाढले. बंगाली भावना म्हणजे आपल्याच घरातल्या, असं मला फार वर्षं वाटत होतं. ते वाटणं अनुवादाला बसलं की उतरतं.

दिदींच्या कादंबरीत हा शब्द सतरा वेळा येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी थोरल्या बहिणीबद्दल येतो. धाकट्या भावानं गावाकडचं घर तिला न विचारता विकायला काढलेलं असतं. घर त्याच्याच नावावर आहे, कायद्यानं त्याची काही चूक नाही. ती भांडत नाही, रडत नाही. तो आला की त्याला वाढते, माशाचा मोठा तुकडा त्याच्याच पानात घालते. फक्त आपण होऊन त्याला काही विचारत नाही.

पहिल्या खर्ड्यात मी 'रुसवा' लिहिलं. दिदींनी रविवारी विचारलं, "तुमच्याकडे हे कोणत्या वयात होतं?" मी सांगितलं, लहान मुलं रुसतात, लग्नात वरमाई रुसते, नव्या नवरीचा रुसवा, सत्यभामेचा रुसवा. "माझी बाई बासष्टची आहे," दिदी म्हणाल्या. "ती कुणी समजूत घालावी म्हणून बसलेली नाही." मला पटलं. मी म्हणाले, "हो दिदी, बदलते."

पुढच्या खेपेला काही जागी 'अबोला' घातला. अबोला मोठ्या माणसांचा, घरातला, मुरलेला. मला तो फार आवडला होता. दिदी म्हणाल्या, "पण ती बोलते ना! भात घेतोस का विचारते. न बोलणं सोपं असतं गं." तेही बरोबर होतं. मी म्हणाले, "हो, हे नीट करते." आणि तिसरा खर्डा पाठवला तेव्हा त्यात अकरा ठिकाणी पुन्हा रुसवाच होता.

हे कसं झालं ते मी नंतर सांगणार आहे. त्या वेळी मला ते दिसलंही नव्हतं. मी घाईत होते, आणि घाईतल्या माणसाला आपण शब्द पाळल्यासारखंच वाटत असतं. दिदींचा निरोप आला: छान झालंय, तुला योग्य वाटेल तसं कर. मी तो कौतुक म्हणून वाचला. पुढचे तीन रविवार फोन झाले. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला दिदींनी नीट उत्तर दिलं. तळ्याच्या घाटाला काय म्हणायचं, एका लोकगीताचा संदर्भ काय, पिठे कशाचे करतात. फोन लवकर संपत. मला वाटलं, काम आता मार्गी लागलंय.

इकडे सकाळची तीन कामं चालूच होती. सुरुवातीला मी थोडे उपाय केले. बाहेर पडताना एक चौकोन दिसे: हे सत्र पुढच्या वेळेसाठी जतन करायचं का? मी दर रात्री त्यात भक्तिभावानं खूण केली. त्यानं झालं एवढंच, की रात्री उघड्या असलेल्या खिडक्या सकाळी आपल्या जागी उघडून बसू लागल्या. पण आत अक्षरं बारीकच आणि बंगाली गायबच. त्या चौकोनाचा खिडक्यांशी संबंध होता, आवडीनिवडींशी नव्हता. मग मी नाद सोडला. खरं सांगायचं तर त्या चार मिनिटांची मला सवय झाली, आणि सवयीपेक्षा थोडं जास्तच काही झालं. कामाला बसण्याआधी उदबत्ती लावावी तसं ते वाटू लागलं. सेटिंगच्या यादीत भाषा शोधताना वाटेत काय काय भेटे. मराठीच्या एका मांडणीच्या नावात 'कगप' असतं. ते 'कन्नड गणक परिषद' या नावातून आलं आहे, म्हणजे कन्नडसाठी घडलेल्या वाटेनं मराठी लिहायची सोय. एका वेळी चारच मांडण्या ठेवता येतात, असंही तिथेच कळलं. रोज तिसरी म्हणून बंगाली घालताना मी स्वतःशी म्हणे, चला, आज पुन्हा निवडलं हिला.

गणपतीच्या सुट्टीला जोडून भाचा आला. सकाळी माझ्या मागे उभा राहून चहा पीत होता. माझे विधी बघून म्हणाला, "मावशी, हे तू रोज करतेस?"

"चार मिनिटांचं तर काम आहे."

"किती दिवस?"

मी आकडा सांगितला. त्यानं कप खाली ठेवला, मला उठवलं आणि काळी खिडकी उघडली.

काळ्या खिडकीत त्यानं माझ्या माळ्यावरच्या वस्तूंची यादी काढली. प्रत्येक ओळीत वस्तूचं नाव, तारीख, आणि आधी ती कुणाच्या मालकीची ते. ओळीमागून ओळ माझं नाव होतं. डेस्कटॉपच्या आवडीनिवडींच्या फोल्डरसमोर मात्र लिहिलं होतं: रूट. आत जाऊन बघितलं तर तिथल्या सगळ्या फायलींसमोर तेच. रूट म्हणजे यंत्रावरचा सर्वाधिकारी. त्याला कुठेही जाता येतं, काहीही बदलता येतं, त्याला कुणी अडवत नाही. "हे इथे कसं आलं?" भाच्यानं विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. आणि मला आठवलं.

घर हलवताना दोन-चार फायली अडल्या होत्या. यंत्र म्हणत होतं, परवानगी नाही. रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला ते संपवायचं होतं. भाच्याच्या जुन्या चिठ्ठीवर 'सुडो' हा शब्द होता. आज्ञेच्या आधी तो लावला की ती आज्ञा आपल्या नावानं न जाता रूटच्या नावानं जाते. हा लहानसा प्रोग्रॅम 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात लिहिला गेला. सगळ्यांना सर्वाधिकार देण्यापेक्षा गरजेपुरता, एका आज्ञेपुरता द्यावा, हा त्याचा उपयोग. तो पहिल्यांदा वापरताना अनेक यंत्रांवर तीन ओळींचा उपदेश येतो: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. माझ्या पडद्यावरही तो आला होता. अनुवादाच्या वर्गाच्या भिंतीवर लावावा असा उपदेश आहे, असं मनात येऊन मी हसले होते. आणि मग सगळं फोल्डर सुडो लावून नकलून टाकलं. एकही फाईल अडली नाही. पण नक्कल रूटनं केली, म्हणून नकलेची मालकी रूटची झाली.

पुढचं भाच्यानं समजावलं ते असं. आपण लॉग इन केल्यावर एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. तो माळ्यावरच्या फायली वाचतो आणि आवडीनिवडी स्मरणात धरतो. आपण काही बदललं की आधी स्मरणात बदलतो आणि लगेच ते फायलीत लिहायला जातो. माझ्या यंत्रात त्याला वाचायची मुभा होती, लिहायची नव्हती. लिहिणं फसलं तरी स्मरणातला बदल खोटा नसतो, म्हणून अक्षरं खरंच मोठी होत, बंगाली खरंच येई, आणि मी बाहेर पडेपर्यंत टिके. बाहेर पडले की तो प्रोग्रॅम संपे, आणि त्याच्याबरोबर न लिहिलेलं सगळं. "डिस्क पूर्ण भरली तरी असं होतं," तो म्हणाला. "किंवा पेनड्राइव्हवरून तात्पुरतं लिनक्स चालवलं तर. तिथे सगळंच स्मरणात असतं. पण तुझ्याकडे जागा होती, घर होतं. फक्त कपाट दुसऱ्याच्या नावावर होतं." मग त्यानं यंत्राची रोजनिशी उघडली. तिथे ओळीमागून ओळ तक्रार होती: लिहिता येत नाही, लिहिता येत नाही. अकरा आठवडे यंत्र तक्रार करत होतं. मी जिथे बघत होते तिथे ती दिसत नव्हती, एवढंच.

मी त्याला विचारलं, "पण मग सकाळी जे दिसतं ते कुठून येतं?" कारण मी समजत होते की रोज सकाळी पाटी कोरी होते. तो म्हणाला, "ते तू आणलेलं. त्या रात्री जे नकललंस ते. तुझ्या जुन्या लॅपटॉपवरचं."

तेव्हा मला नीट दिसलं. जुन्या लॅपटॉपवरच्या त्या आवडीनिवडी मी कधीतरी चार वर्षांपूर्वी ठरवल्या होत्या आणि मग बदलल्याच नव्हत्या. तेव्हा मी इंग्रजीतून अनुवाद करत होते, बंगालीत टाइप करायची गरज नव्हती. अक्षरं बारीक होती, कारण तेव्हा चाळिशी लागली नव्हती. म्हणजे यंत्र विसरत नव्हतं. ते रोज सकाळी चार वर्षांपूर्वीच्या मला ओळखत होतं, तिच्यासाठी टेबल मांडून ठेवत होतं, आणि आजची मी येऊन ते निमूटपणे बदलत होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. मालक बदलण्याची आज्ञा आहे, तिचं नाव 'चओन', 'चेंज ओनर'चं आखूड रूप. तीसुद्धा सुडो लावूनच द्यावी लागते. ज्या अधिकारानं घोळ घातला, त्यालाच तो निस्तरायला बोलवायचं. भाच्यानं मलाच टाइप करायला लावलं. एंटर दाबलं तर काहीच झालं नाही, नुसती पुढची रिकामी ओळ आली. "झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टेबलावर ठेवला, पासवर्ड दिला. अक्षरं मोठी होती. यादीत बंगाली तिसरी. हातांना काही काम नव्हतं आणि त्या चार मिनिटांचं काय करावं ते मला कळेना. म्हणून मी तिसरा खर्डा उघडला आणि सहज शोधून बघितलं. रुसवा. अकरा ठिकाणी.

मी फायलींच्या तारखा बघत मागे मागे गेले. अनुवादाला बसताना मी शेजारी एक शब्दयादी उघडी ठेवते: मूळ शब्द, त्याच्यासमोर ठरवलेला मराठी शब्द, म्हणजे तीनशे पानांत एकवाक्यता राहते. या कादंबरीची यादी मी पहिल्या प्रकरणाचा नमुना प्रकाशकांना पाठवला तेव्हा केली होती. त्या नमुन्यातल्या रुसव्याच्या ओळीचं संपादकांनी खास कौतुक केलं होतं. मी त्यावर खूष होऊन यादीत तो शब्द पक्का केला. दिदींशी बोलल्यावर मी त्या दिवशीची पानं दुरुस्त करी, अगदी मनापासून. पण यादीला मी हात लावला नव्हता. पुढच्या खर्ड्याला बसले की यादी उघडे, आणि यादीत ती कौतुकाची ओळ बसलेली असे. दिदींचं ऐकताना मी खोटं बोलत नव्हते. मी फक्त ते कुठे लिहून घेतलं नव्हतं.

आणि मग शेवटचे तीन रविवार आठवले. दिदींनी सगळी उत्तरं दिली होती. आपण होऊन काही विचारलं नव्हतं. एरवी त्या विचारत: जेवलीस का, तुझ्याकडे पाऊस कसा आहे, गुडघा काय म्हणतो. सतरा वेळा जो शब्द मी अनुवादायला घेतला होता, तो तीन आठवडे फोनच्या पलीकडे बसून होता आणि मला ओळखता आला नव्हता.

रविवार नव्हता, तरी मी फोन केला.

"दिदी, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"रागावेन कशाला? राग परक्यावर येतो." थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा तू हो म्हणालीस. दुसऱ्यांदाही हो म्हणालीस. नाही म्हणाली असतीस, तर भांडता तरी आलं असतं."

मी यादीचं सगळं सांगितलं. कौतुकाचंही सांगितलं, ते सांगायला जड गेलं. त्या 'हूं' म्हणाल्या. मग मी म्हणाले की, नामाचा नाद सोडून एक वाक्य करून बघितलंय, वाचू का? आणि वाचलं: भाऊ जेवून गेला, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला लागलंय.

मराठीत दगड लागतो, ठेच लागते, तसं बोलणंही लागतं. परक्याचं बोलणं टोचतं, झोंबतं. माझ्या कानाला तरी आपल्या माणसाचंच लागतं. त्याला वय नाही. लागलेलं माणूस बोलतं, वाढतं, हसतंही. हे मी दिदींना समजावून सांगायच्या तयारीत होते.

"लागलंय?" त्यांनी मध्येच विचारलं. "म्हणजे आमचं लेगेछे? मने लेगेछे?"

तेच. बंगालीतही बोलणं लागतं, त्याच क्रियापदानं. ओभिमानाच्या त्या सहा बटणांवर मी इतके दिवस अडून बसले होते, आणि शेजारी हा सख्खा चुलत शब्द दोन्ही घरांत एकाच अर्थानं नांदत होता.

दिदींनी वाक्य परत वाचायला लावलं, एकदा हळू. मग म्हणाल्या, "लिहून ठेव." मी त्यांच्या देखत, म्हणजे फोन कानाला धरून, यादी उघडली, जुनी ओळ पुसली, नवी लिहिली आणि जतन केली. सतरापैकी तेरा जागी ती बसली आहे. उरलेल्या चार जागांवर आमचं भांडण चालू आहे, आणि आता मी नाही म्हणायलाही शिकते आहे.

फोन ठेवताना दिदींनी विचारलं, "तिकडे पाऊस थांबला का गं?"

मी खिडकीतून बघून सांगितलं.